मास्तरांना दिसलेला तडा

शिळीमकर मास्तर मला पहिल्यांदा दिसले ते पडताना. भोरच्या हायस्कुलात गणित शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. सकाळी लवकर जाऊन शाळा एकदा नजरेखालून घालावी म्हणून गेलो, तर मैदानाच्या नदीकडच्या कोपऱ्यात पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस धोतराचा काचा मारून उंच लाकडी घडवंचीवरून वाळूत उड्या टाकत होता. पडायचा, उठायचा, सदरा झटकायचा आणि पुन्हा घडवंचीवर चढायचा. कधी पाठीवर पडायचा, कधी कुशीवर. माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, असं मनाशी म्हणत मी शिपायाला विचारलं.

"त्ये व्हय?" शिपाई म्हणाला. "ड्रिल मास्तर हायती. वाळू बघत्यात."

मुलं जिथं पडणार तिथं आधी आपण पडून बघायचं, असा मास्तरांचा नियम होता. शाळेत बांबूउडीचा सराव चाले. लांब बांबू घेऊन धावत यायचं, जमिनीतल्या लाकडी खाचेत तो रोवायचा आणि त्याच्या जोरावर आडव्या काठीवरून पलीकडं जायचं. बघणाऱ्यांच्या माना वर व्हायच्या. मास्तर मात्र खाली हौदाकडं बघत उभे असायचे. हौद म्हणजे कमरेइतका खोल खड्डा. त्यात नीरेच्या पात्रातली वाळू आणि भाताच्या गिरणीवरचं तूस. हा हौद ज्यानं त्यानं उपसायचा आणि भरायचा. ज्याच्या हाताला फावड्याचे फोड आले नाहीत त्याला बांबूला हात लावायची परवानगी नव्हती.

शिवाय पहिले काही महिने बांबू नाहीच. नुसतं पडणं. "उडी मारायला कुनीबी शिकवंल," मास्तर म्हणायचे. "पडायला म्या शिकवतो." मुलांनी त्यांचं नाव पडमास्तर ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते आवडत असावं असा मला संशय होता.

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडं बघत नसत. पायांकडं बघत. नव्या हेडमास्तरांनी त्यांना पहिल्या दिवशी बोलावून शाळेच्या शिस्तीविषयी बरंच काही ऐकवलं. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सायेब, तुमचा डावा पाय बाहेरच्या अंगाला पडतोय. टाच झिजलीया चपलीची. पायरीवर जपा." कोणी उंच उडी मारून गेला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, तरी मास्तरांच्या तोंडून शाबासकी निघायची नाही. "पाय फाकलं," एवढंच म्हणायचे. घरीही तोच प्रकार. त्यांच्या पत्नी सोनाबाई मला एकदा हसत म्हणाल्या होत्या, "ह्येंच्यासंगं हिरीवर गेलं की दिस मावळतो बगा. आदी दोर बघनार, मग रहाट बघनार, मग परत दोर."

एका वकिलांचा मुलगा शाळेत होता. बापाच्या नावावर त्याचं बरंच खपून जात असे. तो बूट घालून बांबूउडीला आला. मास्तरांनी बूट काढायला लावले आणि हातात फावडं दिलं. मुलगा घरी गेला तो वडिलांना घेऊनच आला. वकील मैदानावर सगळ्यांसमोर कडाडले. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घडवंचीकडं बोट दाखवलं.

"वकीलसायेब, तुमी सवता एक डाव पडून बगा. फावडं मारलेल्या वाळूत बी पडा आन् बिनमारलेल्या बी. मग तुमी म्हनाल तसं."

वकील पडले नाहीत. पण मुलगा दुसऱ्या दिवशी अनवाणी आला. त्याच्या पाठीवर हात ठेवून मास्तर म्हणाले, "माती इचारत न्हाई, कुनाचा पोरगा हाय म्हनून."

दसऱ्यानंतर पाऊस पुरता उघडला की मास्तर बांबू आणायला हिर्डोशीकडं जात. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. भात कापणीला आलं होतं, वरंध्या घाटाच्या बाजूनं गार वारा येत होता आणि आम्ही चालतच होतो. बांबूच्या बेटात शिरल्यावर मास्तर एकेका बांबूशी घुटमळायचे. नखानं टिचकी मारायची, कान लावायचा, पेरावरून अंगठा फिरवायचा. मला सगळे सारखेच दिसत होते. पुष्कळ बघून त्यांनी मोजकेच तोडून घेतले. परत येताना वाटेत एक बांबू दगडावर आपटला. मास्तरांनी तो उचलून पाहिला आणि तिथंच कोयत्यानं त्याचे तुकडे केले. तडा गेलेला बांबू अखंड ठेवायचा नाही, हाही त्यांचा नियमच. ठेवला की कधीतरी कोणीतरी तो घेणारच.

मी थकलो होतो, जरा चिडलोही होतो. म्हटलं, "मास्तर, एवढं सगळं जपायचं, तर ही उडीच बंद का करत नाही?"

ते एका बांधावर टेकले.

"काळे मास्तर, खरं सांगू का? मला भ्या वाटतं. पोरगं वर गेलं की त्ये खाली येस्तवर म्या नुस्ता हौदाकडं बघतो. रोजचं. पन म्या बंद केली म्हनून पोरं ऱ्हात्याली व्हय? नदीकडंला जाऊन मारत्याली. ह्या वयात वर जायचं याड सुटत न्हाई. मग ज्याला भ्या वाटतं असा एक मानूस हितं उबा ऱ्हायलेला बरा."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

बिरू ढेबे शाळेत आला तो याच सुमारास. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला धनगरांची चार-सहा घरं आहेत, तिथला. वर्गातल्या मुलांपेक्षा वयानं मोठा, अंगानं काटक आणि बोलायला कमी. भोरात त्याचं कोणी नव्हतं, म्हणून मास्तरांनी त्याला आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. सोनाबाईंना मूलबाळ नव्हतं. तो त्यांना काकी म्हणायचा आणि त्या त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच ठेवायच्या.

मेंढरांमागं हिंडताना ओढे ओलांडायचे म्हणून बिरूला काठी टेकून पलीकडं जायची लहानपणापासूनची सवय होती. मास्तरांनी त्यालाही आधी पडायलाच लावलं. तो हसायचा आणि पडायचा. मग पहिल्यांदा त्याच्या हातात बांबू दिला, ते मी पाहिलं आहे. तो धावत आला, बांबू रोवला आणि वर गेला. वर गेल्यावर क्षणभर तो तिथंच राहिला असं वाटलं. खाली आला तेव्हा वाळूचा आवाजसुद्धा झाला नाही. सगळं मैदान मास्तरांकडं बघत होतं. मास्तर शिट्टी तोंडात धरून उभे होते. त्यांनी शिट्टी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा तोंडात धरली. "पाय फाकलं" म्हणाले नाहीत.

मॅट्रिकच्या वर्षी बिरूनं हिर्डोशीहून स्वतः एक बांबू तोडून आणला. मास्तरांनीच तो पसंत केला होता. ओसरीच्या आढ्याला बांधून तो सावलीत वाळवला, तेल पाजलं, हाताशी सुतळी गुंडाळली. सोनाबाई म्हणायच्या, "बिरूला जेवाय हाक मारावी लागती, बांबूला तेल लावाय हाक मारावी लागत न्हाई."

त्या वर्षी आसपासच्या हायस्कुलांचे सामने दुसऱ्या एका गावी भरले. पुण्याचे एक श्रीमंत गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. सामने सुरू होण्याआधी त्यांनी भाषण केलं आणि जाहीर केलं, की बांबूउडीत जो मुलगा पहिला येईल त्याच्या कॉलेजची आणि राहण्याजेवण्याची सोय आपण पुण्यात करू. मी बिरूकडं पाहिलं. तो मास्तरांकडं बघत होता.

बांबूउडीचे पंच म्हणून शिळीमकर मास्तरांनाच नेमलं होतं आणि फूटपट्टी धरायला मला. मास्तर आधी हौदाकडं गेले. पाहुण्यांसमोर, फेटा काढून ठेवून, त्यांनी हौदात उडी टाकली. लोक हसले. मास्तर खांदा चोळत उठले.

"वाळू वरवर हाय. खाली मुरूम लागतोय. उकरा."

तिथले चिटणीस अजिजीनं म्हणाले, "मास्तर, पाहुणे खोळंबलेत हो."

"खोळंबू द्या. पाव्हनं खुर्चीत बसल्यात. पोरं हितं पडायचीत."

उकरायला माणसं लागली. ऊन कलायला लागलं. लोक शिट्ट्या मारू लागले, कोणी पंचाच्या नावानं ओरडू लागलं. मास्तर हौदाच्या काठावर उभे राहून मुरूम निघताना बघत होते. मग बांबूंची पाळी आली. एका शाळेचा बांबू त्यांनी बाद केला. त्या शाळेचे शिक्षक हमरीतुमरीवर आले. "नियम समद्यांला एकच," एवढं बोलून मास्तर पुढं सरकले. शेवटी बिरूचा बांबू हातात घेतला.

त्यांनी तो फिरवला. टिचकी मारली. एका पेरापाशी अंगठा थांबला. बांबू डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडं वळवला, पुन्हा जवळ आणला.

"ह्यो न्हाई," मास्तर म्हणाले.

बिरूला वाटलं, चुकून झालं. "मास्तर, ह्यो आपला हाय."

"म्हाईत हाय. पेरापाशी तडा हाय. ह्यो चालायचा न्हाई."

"तडा? काल तेल लावलं तवा नव्हता."

"आता हाय."

मास्तरांनी ते पेर माझ्यापुढं धरलं. केसाएवढी एक रेघ मला दिसली. तो तडा होता की नुसता ओरखडा, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. बिरूनंही वाकून पाहिलं. तो मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिला. मास्तर त्याच्या पायांकडं बघत होते.

शाळेचा जुना, आखूड बांबू घेऊन बिरू उतरला. तरीही तो शेवटच्या दोघांत राहिला. मग एका उंचीला त्याच्या छातीनं काठी पाडली, तीनही वेळा. दुसऱ्या शाळेचा उंचापुरा मुलगा ती उंची ओलांडून गेला. तोही चांगलाच उडी मारणारा होता, त्याच्याविषयी काही म्हणायला जागा नाही. पाहुण्यांनी त्याला जवळ घेऊन पाठ थोपटली. बक्षिसं वाटून झाली आणि लोक उठू लागले.

मी सामान गोळा करत होतो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. बिरूनं आडवी काठी पुन्हा वर चढवली होती, त्या पहिल्या आलेल्या मुलानं ओलांडली त्याच उंचीला. आणि हातात आपला बाद झालेला बांबू घेऊन तो धावायच्या जागी उभा होता. मास्तर कोयता भोरलाच ठेवून आले होते. बांबू अखंड राहिला होता.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. बिरू धावत सुटला. मास्तर शिट्टी वाजवतच त्याच्याकडं पळाले, पण तो वर गेला होता. बांबू वाकला, इतका वाकला की माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा बिरू हौदात उभा होता आणि काठी जागच्या जागी होती. जाणारे लोक थांबले. बिरू परत गेला आणि पुन्हा एकदा तसाच वरून पलीकडं गेला.

मग तो बांबू घेऊन मास्तरांसमोर आला. बांबू त्यांच्या पायाशी ठेवला.

"मोडला न्हाई, मास्तर."

मास्तरांचं तोंड पांढरं पडलं होतं. मग त्यांनी कोणाकडून तरी कुऱ्हाड मागून घेतली आणि त्या सगळ्या लोकांच्या देखत बांबूचे तुकडे केले. पेरापाशीच पहिला घाव घातला. नियम म्हणून केलं की आणखी कशासाठी, ते त्यांनाच माहीत. मी नंतर ते तुकडे हातात घेऊन पाहिले. चिरफळ्यांतून काय कळणार? गर्दीतून एक जण मोठ्यानं म्हणाला, "पुरावा तोडला म्हाताऱ्यानं." दुसरा म्हणाला, "आपण किती निःपक्षपाती, हे दाखवायला पोराचा बळी दिला." बिरू तिथून निघून गेला. भोरला तो परत आलाच नाही.

महिनाभरानं मास्तर त्याला आणायला निघाले. सोनाबाईंनी मला बरोबर धाडलं. विंझरला मास्तरांचं मूळ घर, तिथं भावाकडं मुक्काम करून आम्ही वेल्ह्याच्या वर चढलो. बिरू मेंढवाड्यापाशी मेंढरं आत घेत होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. मास्तरांनी परीक्षेचं काढलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"मास्तर, एकच सांगा. तडा व्हता का?"

"मला दिसला."

"मला न्हाई दिसला. दोन येळा गेलो, मोडला न्हाई."

"मला दिसला, बिरू."

"आन् नसंल तर?"

मेंढरं ओरडत होती. मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"नसंल तर तुजं वाटुळं म्या केलं. पन परत तशी रेघ दिसली तर परत बी न्हाईच म्हनीन. दुसरं मला येत न्हाई."

बिरू उठून मेंढरांकडं गेला. त्याची आई दुधाचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. तिनं तांब्या मास्तरांपुढं ठेवला. "प्या, मास्तर. राग हाय त्येच्या मनात. राग करायला पोरगं जितं हाय, ह्ये काय थोडं हाय व्हय?" मास्तरांनी तांब्या तोंडाला लावला आणि एक घोट घेऊन खाली ठेवला.

शाळेत त्यानंतर बांबूउडी एका तरुण शिक्षकाकडं गेली. माणूस वाईट नव्हता, मुलांना त्याच्याबरोबर मोकळं वाटायचं. पडण्याचे महिने गेले, फावडी गेली, बांबू पुण्याहून विकत येऊ लागले. पुढची कितीतरी वर्षं कोणाला काही झालं नाही. लोक मला मुद्दाम म्हणायचे, "बघा, झालं का काही?" मास्तर लहान मुलांची कवायत घ्यायचे, आणि कोणी सांगितलेलं नसताना सकाळी लवकर येऊन हौद खाली-वर करून ठेवायचे. पडूनही बघायचे. कोणाला काही झालं नाही ते त्यांच्यामुळं की त्यांच्यावाचूनच, हे कोणी ठरवायचं? एका हिवाळ्यात ते असेच पडले आणि त्यांना उठता आलं नाही. खुब्याचं हाड सरकलं होतं. त्या हौदात माझ्या डोळ्यांदेखत जबर दुखापत झाली ती त्यांना एकट्यालाच. ते सोनाबाईंना घेऊन विंझरला जाऊन राहिले.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो दुसरं महायुद्ध संपल्यानंतर. एका कामासाठी वेल्ह्याला निघालो होतो, वाटेत विंझरला थांबलो. मास्तर ओट्यावर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली.

"डोळं गेलं, काळे मास्तर," ते म्हणाले. "मोतीबिंदू. उंद्या पुन्याला जायचं हाय, कापून काढत्यात म्हनं."

मी धीराचं काहीतरी बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही.

"डागदर म्हनला, लई जुना हाय. म्या इचारलं, किती जुना? त्यो म्हनला, आता सांगता यायचं न्हाई. तवापास्नं त्योच किडा हाय डोसक्यात. ती रेघ बांबूला व्हती का माज्या डोळ्याला?"

"मास्तर, मलाही दिसली होती ती."

"तुमाला म्या दावली म्हनून दिसली."

सोनाबाई आतून चहा घेऊन आल्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "बिरू येनार हाय न्ह्यायला. बाजाराला खाली आला की हितं टेकतो. ह्येंच्यासंगं बोलत न्हाई फारसा. पन टेकतो."

मी रात्री तिथंच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. लग्न झालेला, भरघोस मिशांचा, पागोटं बांधलेला गडी. शाळेचं तोंड त्यानं पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. मेंढरं आणि थोडी शेती, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. मला रामराम घालून त्यानं मास्तरांची वळकटी काखेत मारली आणि दुसरा हात पुढं केला. मोटार मिळेपर्यंत बरंच चालायचं होतं, मधे ओढा होता. मीही ओढ्यापर्यंत सोबत गेलो.

ओढ्याला पाणी फार नव्हतं, दगडांवरून जाता येत होतं. बिरू पाण्यात उतरून उभा राहिला आणि त्यानं मास्तरांचा हात धरला.

"टाका पाय, मास्तर. दगूड पक्का हाय."

मास्तरांनी पाय टाकला नाही. पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपला. टाचेनं दाबला. पाय मागं घेतला आणि पुन्हा दाबला. मागं बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यातली एक करवादली, "आवं चला की बाबा, मान मोडायची येळ आली."

गुडघाभर गार पाण्यात बिरू तसाच उभा होता. त्यानं बायांकडं पाहिलं नाही.

"घाई न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "बगा तुमी."